श्रीमंतांचे पेन्शन आणि अण्णांचा ओटा

रिटायर झालेल्या माणसाने मोठे घर सोडून लहान घरात जावे, ही कल्पना फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांच्या डोक्यातून निघाली असा अनेकांचा समज आहे. तो चूक आहे. या धंद्यात मनू त्यांच्या फार आधी उतरला होता. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात त्याने स्वच्छ सांगून ठेवले आहे, की अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि मुलाला मूल झाले, की गृहस्थाने घर सोडून अरण्याची वाट धरावी. नियम किती सुटसुटीत आहे पाहा! अठ्ठावन्न की साठ हा वाद नाही, जन्मतारखेचा दाखला नाही, सेवापुस्तकातली खाडाखोड नाही. डोके बघितले की झाले. अर्थात त्या काळी कलपाचा एवढा प्रसार नसावा. आज आमच्या शाखेत हा नियम लावला, तर एकही माणूस रिटायर व्हायचा नाही.

बायकोच्या बाबतीतही मनूने दोन पर्याय दिले आहेत : तिला मुलांच्या हवाली करावे, नाहीतर बरोबर न्यावे. तिला आधी विचारावे, असा तिसरा पर्याय नाही. यावरून मनूची आणि आमच्या आईची कधी गाठ पडली नव्हती, एवढे सिद्ध होते.

सामानाचा निकालही त्याने असाच एका फटक्यात लावला आहे. सगळे सोडावे, फक्त अग्निहोत्राचा अग्नी आणि त्याची उपकरणे तेवढी बरोबर घ्यावीत. आजच्या भाषेत सांगायचे तर शेगडी, सिलिंडर आणि लायटर. बाकी सर्व मुलाच्या गळ्यात.

आता तुम्ही म्हणाल, शास्त्र असते तसे बोलायला, प्रत्यक्षात असे कोणी केले आहे काय? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पोटासाठी बँकेत कारकून. शास्त्रापेक्षा व्हाउचरवर माझा विश्वास जास्त. म्हणून मी मनूला नमस्कार करून इतिहासात शिरलो आणि पाहतो तो काय! मराठी राज्यातल्या सर्वांत मोठ्या रिटायरमेंटचे कागद आमच्या खानदेशाच्या उंबऱ्यावरच झालेले.

बुऱ्हाणपूरच्या पुढे विसेक किलोमीटरवर अशीरगड आहे. हा सगळा जुना खानदेश. आज तो मध्य प्रदेशात असला, तरी आमच्या भुसावळकडची माणसे बुऱ्हाणपूरला अजून परराज्य समजत नाहीत. १८१८ च्या मे महिन्यात या अशीरगडाच्या आसपास दुसरा बाजीराव तळ देऊन होता. आधीच्या नोव्हेंबरात खडकीची लढाई हरून पुणे सुटले, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले आणि तेव्हापासून पेशव्यांची दौलत पुढे आणि इंग्रजी पलटणी मागे, असा उभ्या मुलखातून प्रवास चालला होता. शेवटी सर जॉन माल्कम याच्याशी बोलणी होऊन ३ जून १८१८ रोजी श्रीमंतांनी राजीनामा दिला. ऐतिहासिक ग्रंथांतून याला 'शरणागती' म्हणतात. मला विचाराल तर अटी वाचल्यावर ती ऐच्छिक सेवानिवृत्ती वाटते. राज्यावरचा हक्क स्वतःपुरता आणि वंशजांपुरता सोडायचा. काशी किंवा हिंदुस्थानातल्या दुसऱ्या एखाद्या तीर्थक्षेत्री जाऊन राहायचे. आणि त्याबद्दल कंपनीने सालीना आठ लाख रुपयांपेक्षा कमी नाही असे पेन्शन द्यायचे.

आठ लाख! हा आकडा वाचल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला आणि इतिहासकार झोपी गेला. आठ लाख भागिले बारा, म्हणजे महिन्याला सहासष्ट हजार सहाशे सहासष्ट रुपये, दहा आणे, आठ पै. ज्या शनिवारवाड्यातून श्रीमंत बाहेर पडले, त्याच्या मूळ बांधकामाला १७३० ते १७३२ या काळात सोळा हजार एकशे दहा रुपये खर्च आला, असे सांगतात. म्हणजे रिटायर झालेल्या पेशव्याला एका महिन्याच्या पेन्शनमध्ये मूळ भावाने चार शनिवारवाडे बांधून वर दोन हजार दोनशे सव्वीस रुपये, दहा आणे, आठ पै हातखर्चाला उरले असते. हा हिशेब मी आमच्या हेडक्लार्कला दाखवला. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "आणि महागाई भत्ता?"

नव्हता. महागाई भत्ता नव्हता, तरी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला ही रक्कम भरमसाट वाटली आणि माल्कमसाहेबाला त्याबद्दल बरेच ऐकून घ्यावे लागले. पार्टीला जास्त मंजूर केले म्हणून वरच्या ऑफिसचे पत्र यायची पद्धत किती जुनी आहे, ते यावरून कळते. खरी गंमत पुढेच आहे. श्रीमंतांचा जन्म १७७५ चा. म्हणजे पेन्शनीत निघाले तेव्हा वय त्रेचाळीस! माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. त्यानंतर ते १८५१ च्या जानेवारीपर्यंत जगले. साडेबत्तीस वर्षे पेन्शन! एकूण रक्कम दोन कोटी साठ लाखांच्या घरात जाते. मंजुरीच्या वेळी कोणी हा गुणाकार करून पाहिला असेल, असे वाटत नाही.

काशीऐवजी अखेर कानपूरजवळचे बिठूर ठरले. ब्रह्मावर्त म्हणून ते क्षेत्र प्रसिद्धच. गंगेचा काठ, घाट, देवळे. रिटायर माणसाला आणखी काय हवे? इथून पुढे मनूच्या हिशेबाने शेगडी आणि लायटर एवढ्यावर भागायला हवे होते. पण इथेच इतिहास आपल्याला पहिला धडा देतो. श्रीमंतांचे राज्य सुटले, वाडा सुटला, पुणे सुटले. सुटली नाहीत ती माणसे. नातेवाईक, आश्रित, भिक्षुक, शागीर्द, हत्ती, घोडे असा हजारोंचा लवाजमा बिठूरला जाऊन पडला. तिकडे गेल्यावर श्रीमंतांनी आणखी लग्ने केली, त्यामुळे घर लहान करण्याचा प्रश्नच मिटला. नाशिककडच्या येवल्याचे पांडुरंगराव टोपे आपल्या तात्याला घेऊन तिथेच. पुढे मोरोपंत तांबे आपल्या मनूला घेऊन तिथेच. (ही मनू म्हणजे मनुस्मृतीवाला नव्हे, पुढची झाशीची राणी.) राज्य नव्हते, पण दरबार होता. आठ लाख कशाला लागत होते, ते आता ध्यानात आले असेल. रोज सकाळी कोणीतरी 'श्रीमंत' म्हणून हाक मारावी लागते, आणि तिचा खर्च असतो.

कंपनी हुशार. तिने बिठूरला एक कमिशनर नेमून ठेवला. सुरुवातीची काही वर्षे जॉन लो नावाचा साहेब होता. याचे काम काय? श्रीमंतांवर नजर ठेवणे. आम्ही बँकेतली माणसे दर नोव्हेंबरात पेन्शनरांकडून हयातीचा दाखला घेतो. कंपनीने दाखला घ्यायला माणूसच तिथे राहायला पाठवला होता! श्रीमंत मात्र व्यवहाराला इतके चोख, की अफगाण युद्धानंतर कंपनीचा खजिना आटला तेव्हा त्यांनी कंपनीलाच पाच लाख कर्जाऊ दिले. आपण जिथून पेन्शन घेतो तिथेच ते पुन्हा ठेव म्हणून ठेवायचे, हा आजच्या पेन्शनरांचा शिरस्ता त्यांनीच पाडला म्हणायचा.

इकडे रिकामा शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत पेटला आणि आतल्या लाकडी इमारतींची राख झाली. ही बातमी बिठूरला पोचली तेव्हा श्रीमंतांच्या मनात काय आले असेल, हे कोणत्याही बखरीत शोधण्यापेक्षा आमच्या अण्णांना विचारले तर लवकर कळेल. कारण अण्णांनीही नुकताच वाडा सोडला आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले, त्याला सोळा वर्षे झाली. धुळ्याला गल्लीत आमचे घर. धुळ्याच्या गल्ल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. पेशवाई गेली, खानदेश इंग्रजांकडे आला, कॅप्टन ब्रिग्ज हा साहेब इथला कारभारी झाला आणि त्याने धुळे हे मुख्य ठाणे करून बाहेरचे व्यापारी-कारागीर बोलावून वसवले. तेव्हापासून हे गाव जमाखर्चाच्या वहीसारखे आखलेले आहे. दुसऱ्या गावचे लोक पत्ता सांगताना 'पिंपळापासून डावीकडे' म्हणतात, आमच्याकडे नुसता आकडा सांगायचा. एका अर्थी अण्णांचे आणि माझे हिशेबी रक्त या गल्लीच्या नंबरातूनच आले.

घर म्हणजे खाली तीन खोल्या, वर माडी, मागे परसात कडुलिंब आणि पुढे ओटा. दोन माणसांना हे घर मोठे पडू लागले होते. माडीचा जिना आईच्या गुडघ्यांनी नामंजूर केला. पावसाळ्यात कौले शाकारायला माणूस मिळेना. मी जळगावला, ताई नाशिकला. शेवटी घर विकून जळगावला माझ्या घराजवळ, महाबळच्या बाजूला, एक बेडरूमचा फ्लॅट घ्यायचे ठरले. 'ठरले' हे क्रियापद मी मुद्दाम कर्त्याशिवाय वापरतो. आमच्या घरातले सर्व मोठे निर्णय असेच ठरतात. ते कोणी ठरवले, हे विचारल्यास प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो.

बातमी फुटल्यावर गल्लीत एकच प्रश्न सुरू झाला. "अण्णा, घर इकी टाकं का?" अण्णा प्रत्येकाला सांगत, "विकलं नाही हो, हलवलं!" जणू काही घर गादीसारखे गुंडाळून टेम्पोत टाकायचे होते.

आणि मग सामान निघाले. मंडळी, आपल्या घरात किती सामान आहे हे माणसाला दोनदाच कळते. घर बांधताना आणि घर सोडताना. तांब्याचा बंब. पितळेचे घंगाळ. पाटा आणि वरवंटा. जाते. मांडे करायचे खापर, एकाच्या जोडीला दुसरे, कारण पहिले फुटले तर. उडदाचे पापड आणि बिबड्या वाळवायचे पलंगपोस. पत्र्याच्या ट्रंका, आणि ट्रंकांत गोधड्या, आणि गोधड्यांत गुंडाळलेली आणखी भांडी. तीन पिढ्यांचे पाट, ज्यांवर बसणारी माणसे आता टेबलाशी बसतात. आई प्रत्येक वस्तूवर हात ठेवून तिचा जन्मवृत्तांत सांगे आणि मग ती वस्तू 'नेण्याच्या' ढिगात जाई. 'देण्याचा' ढीग असा काही तयारच होईना. दोन दिवसांनी त्यात एक मोडकी छत्री आणि माझी शाळेतली प्रगतिपुस्तके एवढेच होते.

मोडीचे भांडे घेणारा आला, त्याने घंगाळ काट्याला लावले आणि किलोचा भाव सांगितला. आई म्हणाली, "भाऊ, ह्यात माझ्या दोन्ही लेकरांना पहिलं न्हाणं घातलंय." तो भला माणूस होता. त्याने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "मग राहू द्या ना माय." त्याचा धंदा कसा चालतो, देव जाणे. घंगाळ जळगावला आले. सध्या त्यात तुळस आहे.

अण्णांची गोष्ट वेगळी. त्यांना भांड्यात रस नव्हता. त्यांचे सगळे चित्त माडीवरच्या दोन कपाटांत होते. आत कागद! विजेची बिले, घरपट्टीच्या पावत्या, आजोबांच्या वेळचे सात-बाराचे उतारे, सोसायटीच्या कर्जफेडीच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, आणि गावातल्या निम्म्या लोकांच्या अर्जांच्या नकला. अव्वल कारकून हा जन्मभर अव्वल कारकून असतो. मी म्हटले, "अण्णा, रद्दीवाल्याला बोलावतो." अण्णांनी माझ्याकडे असे पाहिले, की मला माल्कमसाहेबाची आठवण झाली. ते एवढेच म्हणाले, "राजवाडे याच गावात वारले, लक्षात आहे ना?"

इतिहासाचार्य राजवाड्यांचे नाव घेतल्यावर धुळ्यात वाद संपतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हा माणूसच असा, की त्याच्यापुढे मनूनेही हात टेकावेत. तरुणपणी बायको गेली, पुन्हा संसार केला नाही. लिहीन ते मराठीत, असा बाणा. स्वतःपुरती गरज इतकी थोडी, की घर लहान करायचे म्हटले तरी करायला घर नव्हते. पण कागद? महाराष्ट्रभर पायपीट करून, लोकांच्या माळ्यावर वाळवी खात पडलेली दप्तरे या माणसाने गोळा केली. कोणी द्यायला तयार नसे, कोणाला त्यात काय आहे हे ठाऊक नसे. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे एकामागून एक बावीस खंड निघाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, पुढे तिथे पटले नाही, आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी आमच्या धुळ्यात काढली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते इथेच वारले. दुसऱ्या कोणा गावाने सुतक पाळून विषय संपवला असता. धुळेकरांनी महिना उलटायच्या आत, १९२७ च्या जानेवारीत, राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. राजवाड्यांनी मागे ठेवलेल्या कागदांना हक्काचे छप्पर मिळाले, त्यांचे धातुकोश आणि व्युत्पत्तिकोश छापून निघाले.

म्हणजे पाहा, दोन रिटायर माणसे. एकाला सालीना आठ लाख, नदीकाठी वाडा, हजारो माणसे. आणि त्याचे मागे काय उरले? कज्जा. दुसऱ्याजवळ घर नाही, दार नाही, पेन्शन तर नाहीच. आणि त्याच्या मागे एका गावाने इमारत बांधली. रद्दी कशाला म्हणायचे हे रद्दीवाल्याने ठरवायचे नसते, हा इतिहासाचा दुसरा धडा. अण्णांचे दोन्हींपैकी एक कपाट टेम्पोत चढले. दुसऱ्यातले निवडून, ज्यांचे अर्ज त्यांच्या घरी अण्णा स्वतः पोचवून आले. चार दिवस गल्लोगल्ली फिरत होते. एका घरी तर अर्ज करणारा माणूस जाऊन दहा वर्षे झाली होती. त्याच्या सुनेने सासऱ्याची सही बघितली आणि कागद देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

आता कज्जा म्हणालो त्याबद्दल. श्रीमंतांना मुलगा नव्हता. १८२७ साली त्यांनी नानासाहेबांना दत्तक घेतले. १८५१ मध्ये श्रीमंत वारले, आणि लॉर्ड डलहौसीने सांगितले, की पेन्शन होते ते मयताचे होते. ते वारसाला चालू राहणार नाही. आमच्या भाषेत, कुटुंब निवृत्तिवेतन नामंजूर. एवढी माणसे त्या आठ लाखांवर जगत होती. नानासाहेबांनी अर्ज केला. तो फेटाळला. मग अजीमुल्ला खानाला थेट लंडनला पाठवून कंपनीच्या डायरेक्टरांपुढे अपील केले. तेही फेटाळले. पुढे १८५७ मध्ये काय झाले ते शाळेच्या पुस्तकात आहे. बिठूरचा वाडा इंग्रजांनी त्याच वर्षी जमीनदोस्त केला. सत्तावन्नची कारणे पुष्कळ आणि मोठी मोठी आहेत, मी कोण लहान माणूस त्यात भर घालणार! पण काडतुसांच्या चरबीबरोबर पेन्शनच्या फायलीचाही त्यात वास येतो, हे कोणत्याही पेन्शनराला वाचताक्षणी कळते. वारसाचे नाव वेळेवर न लागल्याने केवढा अनर्थ होतो, याचे याहून मोठे उदाहरण आमच्या खात्यात नाही.

हा भाग मी अण्णांना वाचून दाखवला तेव्हा ते हसले नाहीत. उठले, कपाटातून पेन्शनची ऑर्डर काढली, आणि आईच्या नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, जोडफोटो, जोडखाते असे सगळे पुन्हा एकदा तपासले. मग आईला जवळ बसवून म्हणाले, "हे बघ, हा कागद कुठे आहे हे तुला ठाऊक पाहिजे. मी असेन-नसेन." आई म्हणाली, "अहो, काहीतरीच काय! मी आधी जाणार." दोघांत बराच वेळ कोण आधी जाणार यावर वाद झाला. दोघेही आपापल्या मुद्द्यावर ठाम होते. मला त्या दिवशी एकदम जाणवले, की हे घर लहान करणे, वस्तू वाटणे, कागद लावणे, ही सगळी त्या एकाच प्रवासाची बांधाबांध आहे. फक्त कोणी तसे बोलत नाही. सगळे चौरस फुटांविषयी बोलतात.

टेम्पो निघाला. धुळे ते जळगाव म्हणजे जेमतेम नव्वद-शंभर किलोमीटर. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाची वाटणी करून पूर्व खानदेश जळगावला आणि पश्चिम खानदेश धुळ्याला दिला, तेव्हापासून ही दोन गावे वाटणी झालेल्या चुलतभावांसारखी वागतात. भरीत कोणाचे चांगले, यावर त्यांचे अजून एकमत नाही. वाटेत पारोळा लागले. इथे झाशीच्या नेवाळकरांची जहागीर होती, किल्ला होता. अण्णांनी टेम्पोच्या पुढच्या सीटवरून किल्ल्याच्या दिशेला हात केला आणि ड्रायव्हरला सगळा इतिहास सांगितला. ड्रायव्हर म्हणाला, "मग त्यांचं घर कोणी घेतलं?" आजकालच्या माणसांना इतिहासात रजिस्ट्रीपुरताच रस.

फ्लॅट चांगला आहे. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, आईच्या गुडघ्यांना जिना नाही. पहिल्या महिन्यात सगळे कौतुक झाले. दुसऱ्या महिन्यात अण्णा बोलायचे कमी झाले. सकाळी उठून, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते बाल्कनीत बसत. बाल्कनी तिसऱ्या मजल्यावर. खालून जाणाऱ्या माणसाचे फक्त टक्कल दिसते, आणि टकलाशी बोलता येत नाही. धुळ्याला तेच अण्णा ओट्यावर बसत, तर दहा वाजेपर्यंत चार माणसे येऊन जात. कोणाचा वारसनोंदीचा अर्ज, कोणाचे उत्पन्नाच्या दाखल्याचे अडलेले, कोणाला नुसताच चहा. अण्णा लिहून देत आणि एक पैसा घेत नसत. मला तेव्हा श्रीमंतांचा खर्च पहिल्यांदा मनापासून पटला. आपण पेशव्याला हसतो, की राज्य गेले तरी दरबार सुटला नाही. पण दरबार कोणाचा सुटतो हो? त्यांचा बिठूरला होता, अण्णांचा ओट्यावर. सातशे चौरस फुटांचे साडेचारशे झाले याचे कोणालाच काही वाटले नव्हते. टेम्पोत ओटा तेवढा चढवता आला नव्हता.

मग नोव्हेंबर आला. नोव्हेंबर हा आमच्या बँकेत पेन्शनरांचा महिना. कोषागाराच्या यादीवर सही करायला सगळी जुनी मंडळी येतात. अण्णांचे पेन्शनही जळगावला वर्ग झालेले. ते सकाळी दहाला माझ्या शाखेत आले, यादीवर सही केली, आणि जायला निघाले. तोच बाकावरचे एक बाबा चष्म्याशी झगडताना त्यांना दिसले. अण्णांनी त्यांचा फॉर्म घेतला, खिशातले पेन काढले. पुढे दुसरे बाबा, त्यांचे बोटांचे ठसेच यंत्राला उमटेनात. जन्मभर शेतात राबलेल्या हाताला रेषा कुठल्या राहणार! त्यांचा अर्ज कसा करायचा ते अण्णांनी सांगितले. मग एक आजी, नवऱ्याच्या माघारी पहिल्यांदाच आलेल्या. अण्णांनी त्यांना खाली बसवले, पाणी दिले, आणि कागदांची पिशवी उघडून एकेक कागद सावकाश लावून दिला. त्या दिवशी अण्णा घरी जेवायला दोनला गेले, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

नोव्हेंबर संपला, अण्णा संपले नाहीत. आठवड्यातून तीन दिवस ते येतात. मॅनेजरसाहेबांनी सुरुवातीला कपाळाला आठ्या घातल्या, पण काउंटरवरची गर्दी अर्ध्यावर आल्यावर त्यांनीच बाकाशेजारी एक टेबल टाकून दिले. बाजीरावाला ब्रह्मावर्त लाभले, अण्णांना आमच्या शाखेचा बाक. फरक एवढाच, की यावर कंपनीचा एक पैसाही खर्च होत नाही. आणि मी रोज समोर असल्यामुळे कमिशनर वेगळा नेमावा लागत नाही.

परवा एक म्हातारे शेतकरी थेट माझ्या काउंटरशी आले आणि इकडेतिकडे बघत विचारू लागले, "अण्णा नाही आले का आज?"

मी म्हटले, "नाही बाबा, आज त्यांचा यायचा दिवस नाही. काय काम आहे? मी करतो ना. बँकेचा माणूस मी आहे."

त्यांनी मला नीट न्याहाळले, हातातले कागद पुन्हा पिशवीत घातले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे भो. तुले काय समजतं? उद्या येतो मी."